मुळ्ये प्लॅनिंग बोर्डावर जातात

चौऱ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, एका रविवारी सकाळी आमचे हे चहाचा कप घेऊन मागच्या डेकवर गेले आणि चहा न पिताच आत आले.

"शरयू, बागेत कोणीतरी खुंट्या ठोकल्यात," म्हणाले. "वर नारिंगी फिती बांधल्यात."

आमचं घर मॅसॅच्युसेट्समधल्या एल्मबरो गावात. श्रूजबरीहून गाडीने वीस मिनिटं. श्रूजबरीत आपली माणसं पुष्कळ. एल्मबरोत मराठी घरं चारच. एक्याऐंशी साली आम्ही हे घर घेतलं ते मागच्या सफरचंदाच्या बागेकडे बघून. बाग मिसेस पाईक नावाच्या विधवा बाईंची, बावन्न एकर. पण किचनच्या खिडकीतून रोज बघायची सवय झाली की परक्याची बागही आपलीच वाटायला लागते. यांना तर इतकी वाटायची, की पाहुण्यांना दाखवताना "आमची मागची बाग" यातलं "मागची" केव्हाच गळून गेलं होतं.

पंधरा दिवसांनी टाउन हॉलचं पत्र आलं. मिसेस पाईक बाग एका बिल्डरला विकणार होत्या. तिथे एक्केचाळीस घरं बांधायचा अर्ज आला होता, आणि शेजारी म्हणून आमचं काही म्हणणं असेल तर प्लॅनिंग बोर्डाच्या सुनावणीला यावं, असं लिहिलं होतं.

काही म्हणणं असेल तर! पुरुषोत्तम मुळ्ये या माणसाला ज्या विषयावर काही म्हणायचं नाही असा विषय मला लग्नाच्या अठरा वर्षांत सापडलेला नव्हता.

ते कंप्युटर कंपनीत पॉवर सप्लाय डिझाइन करायचे. घरं, रस्ते, गटारं यांच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण त्यांनी टाउन हॉलमधून नकाशे आणले, कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधायचं त्या झोनिंगचं एकशे बारा पानांचं नियमपुस्तक आणलं आणि जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. तीन आठवडे आम्ही किचनच्या ओट्यापाशी उभ्याने जेवलो. आमची दीपा तेव्हा सोळा वर्षांची. ती म्हणाली, "डॅड, दे आर जस्ट हाउसेस." त्यावर तिला पावसाच्या पाण्याचा निचरा या विषयावर अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं.

एका शनिवारी यांनी लॉनमध्ये कमरेइतका खड्डा खणला, त्यात बादल्या ओतल्या आणि पाणी किती वेळात मुरतं ते स्टॉपवॉच लावून बघत बसले. पलीकडच्या बाईंनी काळजीने मला फोन केला, "सगळं ठीक आहे ना?"

"इंजिनियर आहेत ते," मी म्हटलं. त्यांचं लगेच समाधान झालं.

खड्ड्यातून एक गोष्ट मात्र खरीच निघाली. आमच्या टेकडीची माती चिकणी; पाणी मुरतच नाही. बाग काढून छपरं आणि ड्राइव्हवे केले तर सगळं पाणी खालच्या रस्त्याकडे धावणार, आणि रस्त्याखालची मोरी होती जेमतेम दोन फुटांची. बिल्डरच्या इंजिनियरने माती भुसभुशीत धरून हिशेब केला होता.

सुनावणी नोव्हेंबरात होती. मी गावच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करायचे, त्यामुळे हॉलमधले निम्मे चेहरे मला त्यांनी उशिरा परत केलेल्या पुस्तकांवरून माहीत होते. बोर्डाच्या अध्यक्ष एलेन क्रॉकर, शाळेत गणित शिकवणाऱ्या. त्यांनी सांगितलं, प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं. हे सतरा मिनिटं बोलले. मध्येच खिशातून मातीचं ढेकूळ काढून बोर्डाच्या टेबलावर ठेवलं. पण मोरीचा आकडा आला तशा क्रॉकरबाई पुढे सरकून लिहून घ्यायला लागल्या, आणि शेवटी "ही टेकडी जशी आहे तशीच राहिली पाहिजे!" असं हे म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. मला अभिमान वाटला. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत यांना तिसरा नंबर मिळाला होता ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदाच खरी मानली.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. उंच, चेकचा शर्ट. वॉल्टर बिगलो. गावाच्या पलीकडच्या टोकाला त्याची ऐंशी एकर जमीन होती, गाई होत्या.

"मिस्टर मूले, तुमचं घर कधी बांधलेलं?" त्याने विचारलं.

"एकोणऐंशी साली," हे म्हणाले.

"त्याच्या आधी तिथे काय होतं, माहीत आहे?"

यांना माहीत नव्हतं.

"माझ्या चुलतभावाचं गवताचं रान. तिथे घरं नकोत म्हणून मी याच खोलीत भांडलो होतो. ती टेकडी जशी आहे तशीच राहिली पाहिजे, असं म्हणालो होतो." मग म्हणाला, "मलाही टाळ्या पडल्या होत्या."

सगळा हॉल हसला. हसण्यात बिगलोही होता आणि त्यात दुष्टावा नव्हता. पण आमच्या ह्यांचे कान लाल झालेले मला पाठीमागूनसुद्धा दिसले. घरी आल्यावर खुर्चीत बसून म्हणाले, "म्हातारा बरोबर बोलला गं."

बोर्डाने पाण्याचा हिशेब दुरुस्त करून आणा म्हणून बिल्डरला परत पाठवलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

एप्रिलमध्ये गावची निवडणूक झाली. प्लॅनिंग बोर्डाची एक जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी कोणीच फॉर्म भरला नव्हता. महिन्यातून दोन संध्याकाळी फुकट बसून शेजाऱ्यांच्या शिव्या खायची हौस कोणाला असणार? अशा वेळी मतपत्रिकेवर लोकांनी हाताने नाव लिहायचं असतं. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी टाउन क्लार्कचा घरी फोन आला, "मिसेस मूले, तुमचे मिस्टर निवडून आलेत. एक अडचण आहे. त्यांच्या नावाचं स्पेलिंग काय?"

एकोणतीस मतं पडली होती आणि नाव चौदा प्रकारांनी लिहिलं होतं. एकाने नुसतंच "ढेकूळवाला इंडियन" लिहिलेलं. क्लार्कने तेही धरलं. दुसऱ्या नंबरला सात मतं होती, पण तो उमेदवार बिगलोचा कुत्रा असल्यामुळे वाद झाला नाही.

यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळून तेव्हा तीन वर्षं झाली होती. शपथेसाठी यांनी सूट इस्त्रीला दिला. भारतात सगळ्यांना पत्रं गेली. यांच्या आईंनी उलट टपाली विचारलं, पगार किती? पगार नाही असं कळल्यावर त्यांनी पुढच्या पत्रात तो विषयच काढला नाही.

मे महिन्यात बिल्डर सुधारलेला नकाशा घेऊन आला. यांची दुसरीच मीटिंग. मी मुद्दाम बघायला गेले होते. क्रॉकरबाईंनी बागेचा विषय पुकारला आणि यांच्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मिस्टर मुळ्ये, तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

"का?"

"तुम्ही लागून असलेले शेजारी आहात. तुमच्या घराच्या किमतीचा प्रश्न येतो. कायद्याने तुम्हाला यात बोलताही येत नाही आणि मतही देता येत नाही."

ज्या एका विषयासाठी लोकांनी यांना निवडून दिलं, त्याच एका विषयावर यांना तोंड उघडायची बंदी! हे फाइल उचलून बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर जाऊन बसले. मीही गेले. दार बंद झालं. आतून आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. हे मांडीवर फाइल ठेवून समोरच्या भिंतीवरचा गावाचा जुना नकाशा बघत होते. मी पर्समधून चिवड्याची पुडी काढली. त्यांनी हात पुढे केला.

तासाभराने क्रॉकरबाई बाहेर आल्या. बिल्डरने तलाव खोदायचं, मोरी मोठी करायचं कबूल केलं होतं. अर्ज आता नियमाप्रमाणे होता, म्हणून बोर्डाने मंजूर केला होता.

"पण कोणालाच ही घरं नको आहेत!" हे म्हणाले.

"नको आहेत म्हणून नाही म्हणता येत नाही, पुरू," बाई म्हणाल्या. गावातल्या लोकांनी तोवर यांचं 'पुरू' केलं होतं. "नियमात एका एकराला एक घर लिहिलंय. तो नियम लोकांनीच मत देऊन केलाय. आवडत नसेल तर नियम बदला. बोर्ड त्यासाठीच असतं."

सप्टेंबरात बाग तोडली. चार दिवस करवती चालू होत्या. हे त्या आठवड्यात रोज लवकर ऑफिसला जायचे आणि उशिरा यायचे. मी खिडकीला पडदा शिवला.

मग यांनी नियम बदलायचं मनावर घेतलं. आमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं सोपं होतं: घरामागे दोन एकर सक्तीचे करा, म्हणजे घरं कमी होतील. यांनाही आधी तेच पटलं. मग ग्राफपेपर काढून बसले आणि तिसऱ्या दिवशी उठून म्हणाले, "अगं, असं केलं तर सगळं गाव लॉन होईल. शेत नाही, रान नाही, नुसतं लॉन. आणि घर घेणार कोण? डॉक्टर आणि वकील."

यांची कल्पना उलटी होती. घरं तेवढीच, पण जवळजवळ बांधायची, जमिनीच्या एका कोपऱ्यात. बाकीची निम्मी जमीन कायमची मोकळी ठेवायची, गाईंना किंवा झाडांना. दुसऱ्या काही गावांनी असा नियम केलेला होता. यांनी तो आणला, सगळा हिवाळा बोर्डाबरोबर बसून आमच्या गावाच्या मापाचा केला. शनिवारी बिगलोकडे जाऊ लागले. का, तर बर्फ वितळल्यावर कुठल्या जमिनीवर पाणी साचतं हे गावात त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. जाताना नकाशे न्यायचे आणि येताना अंडी आणायचे.

एल्मबरोत नियम बदलायचा तर टाउन मीटिंग भरते. कोणीही नोंदलेला मतदार शाळेच्या जिममध्ये येऊन बसतो, बोलतो, आणि हात वर करून किंवा उभं राहून मत देतो. झोनिंगला दोन तृतीयांश मतं लागतात. ही मीटिंग शहाऐंशीच्या मे महिन्यात, शनिवारी दुपारी होती.

आता माझी चूक सांगते. जूनमध्ये श्रूजबरीच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता आणि आम्ही नाटक बसवत होतो. मी सासू, आमच्याच गावातली सुलभा सून, सुलभाचा नवरा दिगंबर माझा नवरा. शनिवारशिवाय तिघांना जमत नव्हतं. यांनी सकाळी विचारलं, "येतेयस ना?" मी म्हटलं, "तालीम आहे हो. तुमचं होतंच आहे की मंजूर. सगळं गाव तुमच्या बाजूला."

चार वाजता हे आले तेव्हा दिगंबर सोफ्यावर पडून दमेकऱ्याचा अभिनय करत होता. यांचा चेहरा बघून तो खोकायचा थांबला.

"काय झालं?"

"पडलं. बाजूने एकशे पंचेचाळीस, विरुद्ध चौऱ्याहत्तर. एकशे सेहेचाळीस हवी होती. एका मताने."

मी म्हटलं, "एका? म्हणजे मी आले असते तर…"

"नाही." हे कागद घेऊन बसलेच. "तू आली असतीस तर एकूण मतं दोनशे वीस होतात, मग एकशे सत्तेचाळीस लागतात. असती एकशे सेहेचाळीस. तरी पडलं असतं."

माझ्या जिवात जीव आला. "मग!"

"दोघी आला असतात तरी पडलं असतं. तिघं असतात तर एकशे अठ्ठेचाळीस, दोनशे बावीसपैकी. बरोबर दोन तृतीयांश." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे बघितलं. सासू, सून, दमेकरी. शेवटी सुलभाच म्हणाली, "पुरुषोत्तम, चहा टाकू का तुम्हाला?"

यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. तेही नाही. नाटकाला पहिल्या रांगेत बसून हसलेसुद्धा. मला मात्र प्रत्येक टाळीला जिममधल्या तीन रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या.

बिगलोनेही विरुद्ध मत दिलं होतं. हिवाळाभर अंडी देऊन! हे त्याला जाऊन भेटले. तो म्हणाला, "तुमचा नियम चांगला आहे. पण सगळ्या गावाने माझ्या जमिनीबद्दल ठरवायचं, आणि मला काय हवंय ते एकानेही विचारलं नाही. तुम्ही फक्त पाण्याबद्दल विचारलंत."

तेव्हा यांनी विचारलं. म्हाताऱ्याला मुलगा नव्हता, गाई झेपत नव्हत्या, पण घराजवळचं कुरण आपण असेपर्यंत तरी डोळ्यांसमोर राहावं असं त्याला वाटत होतं. यांनी नियमात दोन ओळी घातल्या, की मोकळी जमीन कुठली ठेवायची हे आधी मालकाने सुचवावं. एवढंच. एलेन क्रॉकर म्हणाल्या, सहा महिने आपण एकशे बारा पानं चाळली आणि ह्या दोन ओळी कोणालाच सुचल्या नाहीत.

ऑक्टोबरात बोर्डाने पुन्हा मीटिंग मागितली. या वेळी मी कामाला लागले. लायब्ररीत पुस्तकावर शिक्का मारताना प्रत्येकाला तारीख सांगायची, पुस्तकाची आणि मीटिंगची. लहान मुलं असलेल्या बायका येत नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून जिमशेजारच्या वर्गात दीपाला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मुलं सांभाळायला बसवलं. दीपा म्हणाली, "मॉम, यू आर वर्स दॅन डॅड." दिगंबरला मी सकाळी दोनदा फोन केला. सुलभाला घेऊनच आले.

चर्चेत एक गृहस्थ उठले. त्यांना घरं जवळजवळ असणं पसंत नव्हतं. शेजाऱ्याच्या खिडकीत आपली खिडकी, म्हणाले, माणसाला खाजगी असं काही राहणार नाही. आपण शहर सोडून इथे आलो ते कशाला? लोक माना हलवायला लागले. हे उत्तर द्यायला उठले, हातात ग्राफपेपर. मला कळलं, आता आकडे येणार आणि आम्ही पुन्हा पडणार. मी यांच्या आधी माइकपाशी जाऊन उभी राहिले. का गेले ते अजून सांगता येत नाही.

"मी लायब्ररीतली शरयू," मी इंग्रजीत म्हटलं. "मी सांगलीत वाढले. आमची खिडकी उघडली की शेजारच्यांच्या फोडणीचा वास आत यायचा. त्यांचं भांडण झालं तर आम्हाला कळायचं, आणि आमचं झालं तर त्यांना. फार त्रास व्हायचा." लोक हसले. "पण माझी आई आजारी पडली तेव्हा कोणाला फोन करावा लागला नाही. आधीच तिघीजणी आत आल्या होत्या. इथे आल्यावर पलीकडच्या बाईंशी माझं पहिलं बोलणं व्हायला तीन वर्षं लागली. तेही माझ्या नवऱ्याने लॉनमध्ये खड्डा खणला म्हणून."

मी "थँक यू" म्हणून खाली बसले. पलीकडच्या बाई दोन रांगा मागे होत्या. त्या डोळे पुसत होत्या की हसत होत्या ते कळलं नाही.

मतं उभं राहून मोजली. बाजूचे उभे राहिले तेव्हा मी मागे वळून बघितलं. बिगलो बसलेला होता. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो हळूहळू उठला, आणि मोजणारा पुढे गेला तरी बराच वेळ उभाच राहिला.

दोनशे तीन विरुद्ध सत्त्याण्णव. दोनशे लागत होती.

घरी आल्यावर हे ग्राफपेपरची घडी घालत आणि उलगडत बसले. मी म्हटलं, "आता काय झालं? जिंकलात ना?"

"तू सांगलीचं सांगितलंस ते," हे म्हणाले. "मला कधी सांगितलं नव्हतंस."

"तुम्ही फक्त पाण्याबद्दल विचारता," मी म्हटलं. त्यांना हसू आलं.

आमच्या मागच्या टेकडीला या सगळ्याचा काही उपयोग झाला नाही. तो अर्ज जुन्या नियमाखाली मंजूर झालेला होता. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घरं उभी राहिली, राखाडी, एकसारखी.

नोव्हेंबरच्या शेवटी बिगलोचा फोन आला. नव्या नियमाप्रमाणे थोडी जमीन घरांसाठी विकायचं त्याने ठरवलं होतं, ती फिरून दाखवायची होती. आम्ही दोघं गेलो. गवतावर दव गोठलेलं, बुटाखाली कुरकुर वाजत होतं. बिगलोने काठीने दाखवलं, घरं इथे, ओढ्याच्या अलीकडे, बारा. पलीकडचं कुरण तसंच. हे म्हणाले, रस्ता उत्तरेकडून आणावा. बिगलो म्हणाला, उत्तरेकडे खडक आहे. हे म्हणाले, नकाशात खडक नाही. बिगलोने काठी जमिनीवर आपटली, टण्ण आवाज आला. मग दोघं ओणवे होऊन त्या जागेकडे बघत राहिले आणि खडक केवढा असेल यावर त्यांचा वाद सुरू झाला. मला थंडी वाजायला लागली होती. मी जाऊन म्हाताऱ्याच्या ट्रकमध्ये बसले आणि हीटर लावला.